डीआरएचा डोस वाढवण्याआधी तेलाचं ऑक्सिडेशन तपासा

तेलाच्या पाइपलाइनचा प्रेशर ड्रॉप, म्हणजे दोन टोकांमधली दाबाची घट, वाढला की पहिला हात डोसच्या पंपाकडे जातो. १० पीपीएमचे (दहा लाखात १० भाग) १५, मग १५चे २०. आकडा थोडा सुधारतो आणि खरं कारण टाकीतच राहतं. तेलात मिसळून घर्षण कमी करणाऱ्या पॉलिमरचा, म्हणजे डीआरएचा (ड्रॅग रिड्युसिंग एजंट), परिणाम उतरण्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं सगळ्यात कमी तपासलं जाणारं म्हणजे तेलाचं ऑक्सिडेशन. ते कसं ओळखायचं, प्रयोगशाळेत कसं मोजायचं आणि लाइनवर काय बदलायचं, ते इथे सांगितलं आहे.

खानदेशात तेलविहिरी नाहीत. पण मुंबई–मनमाड–मांगल्या ही तयार इंधनाची पाइपलाइन धुळे जिल्ह्यातून सातपुड्याकडे जाते. नंदुरबारच्या पलीकडे गुजरातेत अंकलेश्वरचं तेलक्षेत्र आहे, ते १९६० साली सापडलं. धुळे-शिरपूर-जळगावात केमिकल शिकलेली मुलं तिकडच्या टाक्यांवर आणि लाइनींवर कामाला जातात. शिवाय आपल्याकडचा मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो, आणि ऑक्सिडेशन तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं. म्हणून हा विषय इथल्या लोकांनी जरा जास्तच मनावर घ्यायला हवा.

आधी हिशेब समजून घ्या

क्रूड (कच्चं तेल) आणि डिझेलसाठीचा नेहमीचा डीआरए म्हणजे पॉली-अल्फा-ओलेफिन. हेक्सीन, ऑक्टीन, डेसीन यांसारख्या ओलेफिनांपासून बनवलेली अतिलांब साखळी. साखळीचा रेणुभार १ कोटीच्या आसपास धरा. ऑक्टीनचा रेणुभार ११२, म्हणजे एका साखळीत सुमारे ८९ हजार दुवे. परिणाम सगळा या लांबीतच आहे. मधोमध एक दुवा तुटला की रेणुभार निम्मा, आणि घर्षण कमी करण्याची ताकद त्याहून वेगाने खाली येते.

आता किलोभर तेलात १० पीपीएम पॉलिमर म्हणजे १० मिलिग्रॅम. १ कोटी रेणुभाराने भागलं की साखळ्या होतात १ नॅनोमोल. त्याच तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे ऑक्सिडेशनने तेलात साठलेल्या पेरॉक्साइडचं माप, फक्त १ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो असली, तर पेरॉक्साइड होतं अर्धा मिलिमोल. एका साखळीमागे पेरॉक्साइडचे ५ लाख रेणू. त्यातले जवळजवळ सगळे तेलाशीच झगडून संपतात हे खरं, पण ५ लाखांतल्या एकाने जरी साखळी गाठली तरी काम झालं. म्हणूनच तेलाच्या बाकीच्या चाचण्यांत नगण्य वाटणारं ऑक्सिडेशन डीआरएला नगण्य नसतं.

तोडण्याची रीत अशी. तेलातला हायड्रोकार्बन हवेतला ऑक्सिजन घेऊन हायड्रोपेरॉक्साइड बनवतो. उष्णतेने, किंवा लोखंड-तांब्याच्या अंशाने, तो फुटतो आणि मुक्त मूलकं, म्हणजे समोर येईल त्याच्याशी क्रिया करणारे अर्धवट तुकडे, तयार होतात. पॉली-अल्फा-ओलेफिनच्या कण्यात एकाआड एक कार्बन तृतीयक, म्हणजे तीन कार्बनांना जोडलेला असतो, त्याचा हायड्रोजन सहज निघतो, आणि तिथे कणा तुटतो. शेंगदाण्याचं तेल खवट होतं तेही याच साखळी-क्रियेने. पंपाचा किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा मार बसून साखळी तुटली, तर तुटलेल्या टोकांवरही मूलकंच असतात. जवळ ऑक्सिजन असेल तर तो ती टोकं पकडतो आणि मोडतोड पुढे सरकते.

ऑक्सिडेशनचा दुसरा फटका वेगळा आहे. आम्लं, रेझिनसारखे ध्रुवीय पदार्थ आणि डिंक तयार होतात. उघड्यावर राहिलेल्या क्रूडमधून हलका भागही उडून जातो. तेल घट्ट होतं, आणि अशा तेलात पॉलिमरची साखळी पुरती उलगडत नाही. ही आम्लं पाणी-तेलाचं इमल्शनही टिकवून धरतात. इथे साखळी शाबूत असते, तिला काम करायला नीट जागा मिळत नाही इतकंच. दोन्ही फटक्यांचा इलाज वेगवेगळा असल्यामुळे पुढची सगळी तपासणी या दोघांना वेगळं करण्यासाठी आहे.

लाइनवरचे आकडे नीट लावा

डीआरएने ड्रॉप किती टक्क्यांनी घटवला ती टक्केवारी, म्हणजे पुढे जिला नुसतं ‘घट’ म्हटलं आहे ती, काढायची त्याच प्रवाहाला, फक्त घर्षणाच्या प्रेशर ड्रॉपवरून. चढ आधी वजा करा. घाटात १०० मीटर चढ म्हणजे ०.८५ घनतेच्या तेलाला ८.३ बार, आणि त्याला डीआरएचा काही उपयोग नाही. प्रवाह बदलला असेल तर मूळ ड्रॉप प्रवाहाच्या १.७५ घाताने बदला. उदाहरणार्थ, डीआरएशिवाय १००० घनमीटर प्रति तास प्रवाहाला ४० बार ड्रॉप होता. आज प्रवाह ११०० आहे, तर मूळ ड्रॉप ४७.३ बार धरायचा. आज मीटरवर ३६ बार दिसत असतील तर घट २४ टक्के.

आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा घट्टपणा? तीच बहुतेक जण विसरतात. मूळ ड्रॉप व्हिस्कॉसिटीच्या ०.२५ घाताने वाढतो, म्हणजे व्हिस्कॉसिटी दुप्पट झाली की १९ टक्के. वरच्याच उदाहरणात तेल दुप्पट घट्ट आलं तर खरा मूळ ड्रॉप ५६ बारच्या वर जातो. डीआरए पूर्वीसारखाच २४ टक्के काम करत असला तरी मीटरवर ४२.७ बार दिसतील. जुना ४७.३ धरून बसलात तर घट १० टक्केच निघेल आणि निर्दोष डीआरएवर खापर फुटेल.

सोबत रेनॉल्ड्स नंबरही पाहा; प्रवाहात खळबळ किती, ते त्यावरून कळतं. आतला व्यास ०.४३८ मीटर, वेग १.५ मीटर प्रति सेकंद, व्हिस्कॉसिटी १५ सेंटिस्टोक असेल तर तो सुमारे ४३,८०० येतो. ४० सेंटिस्टोकला १६,४००, अजून ठीक. २०० सेंटिस्टोकला ३,३००च्या आत. तिथे प्रवाहात खळबळ जेमतेमच उरते, आणि जिथे खळबळ नाही तिथे कितीही डीआरए ओता, उपयोग नाही.

मग मधल्या व्हॉल्व्ह स्टेशनांची प्रेशर घ्या आणि प्रत्येक तुकड्याचा दर किलोमीटरी ड्रॉप काढा. हा कागद सगळ्यात जास्त बोलतो. सुरुवातीचे काही किलोमीटर पॉलिमर विरघळण्यात जातात, ते सोडा. त्यानंतर पहिल्या निम्म्या भागात घट पूर्वीइतकीच आणि पुढे झपाट्याने उतरलेली असेल, तर साखळी वाटेत तुटते आहे. १.५ मीटर प्रति सेकंद वेगाने १०० किलोमीटरला साडेअठरा तास लागतात; पेरॉक्साइडला एवढा वेळ पुरतो. उलट सगळ्याच तुकड्यांत घट सारखीच कमी असेल, तर कारण डोस, विरघळणं किंवा व्हिस्कॉसिटी. प्रवाहाच्या खळबळीनेही साखळी थोडी तुटत जातेच, म्हणून तुलना पुस्तकी आकड्याशी न करता त्याच लाइनच्या, त्याच प्रवाहाच्या जुन्या चांगल्या दिवसाशी करा.

डोसची खात्री मीटरवर विसंबून करू नका. १००० घनमीटर प्रति तास प्रवाहाला १५ पीपीएम म्हणजे तासाला १५ लिटर. कॅलिब्रेशन नळीतून पाच मिनिटं खेचून बघा, सव्वा लिटर उतरायला हवं.

हवा शिरते कुठून

जमिनीखालच्या भरलेल्या लाइनमध्ये नवी हवा येत नाही. जे काही होतं त्याची सुरुवात लाइनच्या आधी होते. टँकर वरून धार सोडून खाली करणं, टाकीच्या फ्लोटिंग रूफच्या (तेलावर तरंगणाऱ्या छताच्या) फाटक्या सीलमधून हवा, छत पायांवर टेकेपर्यंत टाकी उतरवून पुन्हा भरणं, पंपाच्या सक्शन बाजूच्या गळक्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) ओढली जाणारी हवा, आणि खड्ड्यात गोळा झालेलं स्लॉप, म्हणजे सांडलेलं-गळलेलं तेल परत मिसळणं. या पाचांत स्लॉप सर्वांत वाईट. त्यात हवा, पाणी, गंज आणि ऊन सगळं लागलेलं असतं.

आंबट, म्हणजे गंधकयुक्त क्रूडच्या टाकीत हवेचा आणखी एक धोका आहे. गंजाचं आयर्न सल्फाइड झालेलं असतं, ते कोरडं होऊन हवेला लागलं की आपोआप पेटतं. म्हणून सीलची दुरुस्ती डीआरएच्या हिशेबाने पुढे ढकलायची गोष्टच नाही.

सॅम्पल

टाकीचा वरचा थर, मध्य, तळ, आणि डीआरए टोचण्याच्या अगदी आधीची जागा, अशी चार सॅम्पल घ्या. बाटली तपकिरी काचेची, आधी नायट्रोजनने धुतलेली. काठोकाठ भरू नका. उन्हाळ्यात तेल फुगतं आणि बाटली फुटते. दहावा हिस्सा मोकळा ठेवून त्यात नायट्रोजन सोडा आणि बूच घट्ट लावा. पितळी सॅम्पलरमध्ये तेल ठेवून गप्पा मारत बसू नका, लगेच बाटलीत ओता. तांबं पेरॉक्साइडला छेडतं. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी तपासा. मे महिन्यात दुपारभर जीपमध्ये राहिलेलं सॅम्पल टाकून द्यावं. त्याचा आकडा टाकीचा नसतो, जीपचा असतो.

पेरॉक्साइड मोजणं

धुळे-जळगावच्या खाद्यतेलाच्या प्रयोगशाळांत हे टायट्रेशन रोज होतं, काचसामान तेच चालतं. डिझेलसारख्या फिकट तेलासाठी २० ग्रॅम सॅम्पल, असेटिक आम्ल आणि आयसोऑक्टेनचं ३:२ मिश्रण, त्यात पोटॅशियम आयोडाइडचं ताजं संपृक्त द्रावण अर्धा मिलिलिटर. एक मिनिट अंधारात ठेवा, ३० मिलिलिटर उकळून थंड केलेलं पाणी घाला आणि ०.०१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. स्टार्च शेवटी, पिवळा रंग फिका झाल्यावर. तेलाशिवायचं ब्लँक वजा करा. २० ग्रॅमला १ मिलिलिटर म्हणजे ०.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो. एवढ्या कमी आकड्यांत ब्लँक चुकलं की सगळंच चुकतं, म्हणून ब्लँक दोनदा करा.

काळ्या क्रूडमध्ये स्टार्चचा रंग दिसत नाही. तिथे प्लॅटिनम इलेक्ट्रोडने पोटेन्शिओमेट्रिक शेवट पकडावा लागतो. त्यातही एक सापळा आहे. गंधकयुक्त क्रूडमधलं हायड्रोजन सल्फाइड आणि मरकॅप्टन (गंधकाची संयुगं) टायट्रेशनमधलं आयोडीन खाऊन टाकतात, आणि सल्फाइडं पेरॉक्साइडला आधीच संपवून स्वतः सल्फॉक्साइड होतात. त्यामुळे आंबट क्रूडची पेरॉक्साइड व्हॅल्यू शून्य आली तरी ‘ऑक्सिडेशन नाही’ असं लिहू नका. जोडीला ॲसिड नंबर (तेलातल्या आम्लाचं माप) आणि लाइनच्या तापमानाची व्हिस्कॉसिटी घ्या. इन्फ्रारेड यंत्र मिळालं तर १७१० आणि १०३० सेंटिमीटर-व्यस्त या दोन जागा पाहा: पहिली कार्बोनिलची, दुसरी सल्फॉक्साइडची. ताज्या क्रूडचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय यातला एकही आकडा वाचू नका.

नळीवरची चाचणी

संशय खरा आहे का, ते या चाचणीतून कळतं. पहिल्यांदा डिझेलवर हात बसवा, क्रूड नंतर.

लागतं ते एवढंच: सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलं ३ लिटरचं स्टीलचं प्रेशर भांडं, नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर, आतून ४ मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत स्टील नळी, डिफरन्शियल प्रेशर गेज, वजनकाटा, स्टॉपवॉच. भांड्यापासून पहिल्या टॅपपर्यंत (दाब मोजायच्या भोकापर्यंत) ४० सेंटिमीटर सरळ नळी सोडा, मग टॅपांमध्ये १२० सेंटिमीटर. कुठेही कोपरा किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह नको, आणि पंप तर नकोच. पंपाने साखळी तुटली तर तुम्ही पंपच मोजाल. दाब देण्यासाठी हवा वापरू नका. आगीचा धोका आहे, आणि ज्याचा शोध घ्यायचा तो ऑक्सिजनच आत जाईल. भांडं, नळी, खालची बादली सगळं अर्थिंगला जोडा.

नळी बरोबर आहे का, ते आधी साध्या डिझेलवर पाहा. ३ सेंटिस्टोक, ०.८३ घनता, वेग ५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला ६३ मिलिलिटर. टॅपांमध्ये सुमारे १.१ बार दिसायला हवा, आणि भांड्यात त्यासाठी साधारण २ बार लागतो. दोन लिटर अर्ध्या मिनिटात संपतात, म्हणून गेजवर नजर आधीपासून ठेवा. आकडा बराच वेगळा आला तर नळीत कापताना राहिलेली धातूची कोर आहे किंवा टॅपचं भोक आत उचललं गेलं आहे.

तेल जुनं करण्यासाठी ४३ अंशांची रीत वापरा. डिझेलच्या साठवण-चाचणीत याच तापमानाचा एक आठवडा सामान्य तापमानाच्या एका महिन्याएवढा धरतात. भुसावळच्या मेमधली दुपारची सावली याहून फारशी थंड नसते. चार काचेच्या जारमध्ये चार-चार लिटर डिझेल, वर हवा, बुचाला बारीक छिद्र, अंधार, चार आठवडे. आपल्याकडच्या डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश आहे, तेव्हा साधा ओव्हन चालणार नाही. वायुवीजन असलेला, ठिणगीरोधक हवा. बीएस-६ डिझेल चांगलं हायड्रोट्रीट केलेलं (हायड्रोजनने शुद्ध केलेलं) असतं आणि कधीकधी चार आठवड्यांतही हलत नाही. पेरॉक्साइड वाढल्याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

डीआरए थेट जुन्या तेलात घालू नका. बाटलीत विरघळायला दिवस लागतो आणि त्या दिवसातच नुकसान होऊन जातं, ते तुम्हाला दिसत नाही. २५ टक्के पॉलिमर असलेला डीआरए १ ग्रॅम घ्या, ताज्या डिझेलने २५० ग्रॅम करा, बाटली रोलरवर चोवीस तास हळू फिरवा. चुंबकी ढवळणी जोरात फिरवली तर साखळ्या तिथेच संपतील. हे १००० पीपीएमचं द्रावण झालं. यातलं २० ग्रॅम आणि तपासायचं तेल १९८० ग्रॅम, म्हणजे १० पीपीएम पॉलिमर. बाटली वीसेक वेळा हळू उलटीपालटी करा.

ताजं तेल डीआरएशिवाय आणि जुनं तेल डीआरएशिवाय, हे दोन मूळ आकडे. मग दोन्ही तेलं डीआरएसह, मिसळल्यानंतर १, २४ आणि ७२ तासांनी. शेवटी जुनं तेल, डीआरए आणि किलोला ५० मिलिग्रॅम बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं अँटिऑक्सिडंट), म्हणजे दोन किलोला ०.१ ग्रॅम, २४ आणि ७२ तासांना. नळीतून एकदा गेलेलं तेल पुन्हा वापरू नका.

वाचायचं असं. जुन्या तेलात पहिल्या तासाला घट ताज्याइतकीच आणि ७२ तासांना बरीच कमी, तर साखळी रासायनिक क्रियेने तुटते आहे. बीएचटीने ती घसरण मंदावली तर मूलकांवर शिक्कामोर्तब. पहिल्या तासापासूनच कमी आणि पुढे तेवढीच राहिली, तर प्रश्न विरघळण्याचा किंवा व्हिस्कॉसिटीचा आहे. दोन्ही तेलांत सारखीच घसरण दिसली तर तेलाला दोष देऊ नका, द्रावण बनवतानाच मार बसला आहे.

उपाय

साखळी तुटत असेल तर डोस वाढवणं हा सगळ्यात महाग उपाय. आधी स्लॉप वेगळं काढा आणि बारीक प्रमाणात, वेगळ्या बॅचमध्ये सोडा. टँकरची नळी टाकीच्या तळापर्यंत न्या. सील आणि सक्शनचे ग्लँड दुरुस्त करा. तळाचं पाणी आणि गाळ नियमित काढा, लोखंडाचा अंश तिथेच असतो. टाकीत आधी आलेलं तेल आधी सोडा. अँटिऑक्सिडंट घालायचंच असेल तर तेल टाकीत येतानाच. ते पुढची साखळी-क्रिया थांबवतं, झालेलं पेरॉक्साइड पुसत नाही. लाइनच्या तोंडाशी घातलेल्याचा फायदा अर्धाच.

घट्ट, अस्फाल्टीनवालं (डांबरासारख्या जड भागाचं) क्रूड असेल आणि चाचणीत पहिल्या तासापासूनच घट कमी असेल, तर पॉली-अल्फा-ओलेफिन सोडून मेथाक्रिलेट जातीचा लेटेक्स (पाण्यात बारीक कणांनी पसरलेला) डीआरए तपासा. तो अशा तेलांसाठीच बनवतात.

डीआरएचे पिंपही उन्हापासून वाचवा. गरम झालं की पॉलिमरचे कण चिकट होऊन एकमेकांत मिसळतात आणि स्ट्रेनर तुंबतो. पाणी-ग्लायकोलमधला डीआरए वर तरंगून साय धरतो, अल्कोहोलमधला तळाशी बसतो. काठी बुडवून कुठे जाड लागतं ते पाहा. पत्र्याखाली उष्णता कोंडते, म्हणून वारा खेळणारी पांढऱ्या छताची शेड करा आणि डायफ्रॅम पंपाने हळू फिरवत राहा. जमिनीवर सांडलं तर पाणी मारू नका, फरशी भयंकर निसरडी होते. भुसा किंवा वाळू टाकून उचला. तयार इंधनाच्या लाइनवर विमानाच्या इंधनाची बॅच येण्याआधी डीआरए बंद असल्याची दोघांनी मिळून खात्री करा. त्या इंधनात डीआरए चालत नाही.

दुरुस्ती झाली की डोस एकदम उतरवू नका. २ पीपीएमची पायरी घ्या, पूर्ण लाइन नव्या डोसच्या तेलाने भरू द्या, मग तुकड्यातुकड्याचा ड्रॉप मोजा. शेवटच्या तुकड्याची घट पहिल्याच्या जवळ टिकून राहिली, तर आणखी २ पीपीएम खाली या.